बांधाच्या आतली गोष्ट : हवामानबदलाची कथा आणि तिचे वाचक

हवामानबदलाची कथा कोणत्या कथेला म्हणायचे, याविषयी वाचकांत एकमत नाही. या लेखनाबद्दलचे बहुतेक मतभेद याच प्रश्नापाशी सुरू होतात. काही वाचक व्याख्या आखडती धरतात : माणसाने जाळलेल्या कोळशा-तेलामुळे पृथ्वी तापते आहे, हे कथेच्या मुळाशी असले पाहिजे. तसे नसेल तर ती दुष्काळाची किंवा पुराची गोष्ट ठरते, हवामानबदलाची नव्हे. दुसऱ्या बाजूचे वाचक म्हणतात की पाऊस, समुद्र आणि ऋतू यांच्यावर माणसाने टाकलेला भरवसा जिथे मोडतो, तिथे ही कथा आलीच, मग लेखकाने कार्बनचे नाव घेवो वा न घेवो. पहिली व्याख्या मानली तर मराठीत अशी पुस्तके हाताच्या बोटांवर मोजावी लागतील. दुसरी मानली तर मराठी ग्रामीण कादंबरीचा मोठा भाग तिच्यात येतो.

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत हा वाद पुस्तकाबाहेर येतो. पेणच्या पश्चिमेला धरमतर खाडीच्या काठाने खारेपाट पसरला आहे. बांध घालून खाडीपासून अडवलेली ही भातशेती आहे. रोह्यातून कुंडलिका वाहते आणि रेवदंड्याच्या खाडीला मिळते. याच तालुक्यातील नागोठणे अंबा नदीच्या काठी आहे आणि अंबा पुढे धरमतरला जाते. दोन्हीकडे डोंगराचे पाणी आणि समुद्राची भरती एकमेकांना सामोरी येतात. ज्या वाचकाचे शेत भरतीच्या पातळीखाली आहे, त्याला ‘समुद्र जमिनीत शिरतो’ हे वाक्य कल्पनारम्य वाटत नाही. म्हणून जगभरच्या या लेखनाचा आढावा या दोन तालुक्यांच्या बाजूने घेणे उपयोगाचे आहे.

या लेखनाला वेगळे नाव मिळाले ते अलीकडे. अमेरिकी पत्रकार डॅन ब्लूम यांनी २००७-०८ च्या सुमारास ‘क्लाय-फाय’ (क्लायमेट फिक्शन) हा शब्द रूढ करण्याचा प्रयत्न सुरू केला. पुस्तके त्याआधीची आहेत. जे. जी. बॅलर्ड यांच्या ‘द ड्राउन्ड वर्ल्ड’ (१९६२) मध्ये लंडन पाण्याखाली गेले आहे, पण तिथे उष्णता वाढते ती सूर्याच्या लहरीने. माणूस त्यात दोषी नाही. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘पॅरेबल ऑफ द सोअर’ (१९९३) मध्ये दुष्काळ आणि समाजाची पडझड एकत्र येते. किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांच्या ‘न्यू यॉर्क २१४०’ (२०१७) मध्ये बुडालेल्या शहरात लोक राहतात, व्यवहार करतात, भांडतात. त्यांचीच ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्यूचर’ (२०२०) उत्तर प्रदेशातील एका जीवघेण्या उष्णतेच्या लाटेने सुरू होते. भारतीय वाचकांना या कादंबरीने चटका लावला तो याच प्रकरणाने.

मराठीत या वाटेचा आरंभ जयंत नारळीकर यांच्यापासून धरता येतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावाने पाठवली, आणि मराठी विज्ञानकथेला नवा वाचक मिळू लागला. दुर्गा भागवत यांनी १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून या नव्या प्रकाराची आपुलकीने दखल घेतली. ‘ऋतुचक्र’ लिहिणाऱ्या लेखिकेची ही दखल होती, हे विसरता येत नाही. मराठी निसर्गलेखन आणि मराठी विज्ञानकथा पुढे आपापल्या वाटेने गेली. त्या क्षणी मात्र दोन्ही एका व्यासपीठावर होती.

नारळीकरांची ‘हिमप्रलय’ ही कथा आज हवामानाची कथा म्हणून पुन्हा वाचावी अशी आहे. तिची सुरुवात मुंबईत पडणाऱ्या बर्फाने होते. ज्वालामुखीच्या धुळीने सूर्याची उष्णता अडते, समुद्र थंडावतात, वातावरणात हिमकणांचा थर साचतो आणि हिमयुगाची चाहूल लागते. यामागचा भौतिकीचा विचार फ्रेड हॉईल यांच्या ‘आइस’ (१९८१) या पुस्तकातील मांडणीशी जुळणारा आहे, आणि नारळीकर हे हॉईल यांचे विद्यार्थी होते. वसंत चिटणीस हा शास्त्रज्ञ आधीपासून इशारा देत असतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. अखेरीस अग्निबाणांनी वातावरणात कण सोडून ते तापवण्याची मोहीम आखली जाते.

आजचा वाचक या कथेवर दोन आक्षेप घेऊ शकतो. पृथ्वी तापत असताना ही कथा गारठ्याची आहे, हा पहिला. तो फारसा टिकत नाही, कारण कथेचा गाभा तापमानात नसून इशारा न ऐकण्यात आहे. दुसरा आक्षेप गंभीर आहे : संकट निसर्गाचे आणि सुटका तंत्रज्ञानाची, मग समाजाने काहीच बदलायला नको का? रॉबिन्सन यांच्या कादंबरीतही उष्णतेच्या लाटेनंतर भारत आकाशात धूळ फवारून सूर्यप्रकाश कमी करतो. पण तिथे ती कृती वादाची सुरुवात आहे आणि पुढची शेकडो पाने बँका, कर, शेती, निर्वासित यांत गुंतलेली आहेत. नारळीकरांच्या कथेत तंत्रज्ञानाची कृती शेवटाजवळ येते. चार दशकांत प्रश्न कुठून कुठे सरकला, हे या फरकात दिसते.

बाळ फोंडके यांनी संपादित केलेल्या ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ (१९९३) या नॅशनल बुक ट्रस्टच्या संग्रहातून ‘हिमप्रलय’ इंग्रजीत गेली आणि मराठीबाहेरच्या वाचकांनाही मिळाली. फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे यांनी विज्ञानकथेचा वाचक टिकवला. पण ग्रंथालयात ही पुस्तके ‘विज्ञान’ या कप्प्यात राहिली आणि कादंबरीचे वाचक त्या कप्प्याकडे फारसे वळले नाहीत. २०२१ मध्ये नाशिकच्या संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले, तेव्हा ही भिंत थोडी खाली आली असे म्हणता येईल.

कादंबरीच्या कप्प्यात दुष्काळ आहे आणि तो भरपूर आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’ (१९५५) च्या शेवटी पाऊस येत नाही आणि माणदेशातील एक अख्खी वाडी उठून जाते. आजच्या भाषेत ती हवामान-निर्वासितांची कादंबरी आहे, असे म्हणणारा वाचक चुकत नाही. पण माडगूळकरांच्या माणसांना तो दुष्काळ जुना, ओळखीचा आहे. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये विदर्भातील शेतकरी कुटुंबाची कोंडी पावसाइतकीच बाजारभावाने आणि कर्जाने होते. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आणि कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ या धरणाने उठवलेल्या माणसांच्या कादंबऱ्या आहेत. या चारही पुस्तकांत जमीन, पाणी आणि सत्ता यांचा हिशेब आहे. आखडत्या व्याख्येचा वाचक त्या यादीतून काढील. तसे करणे योग्य वाटत नाही. हवामानाचा फटका कोणाला आधी बसतो आणि कोणाला उशिरा, हे कळायला हा हिशेबच लागतो.

कोकणाचा समुद्र मराठी कादंबरीत आहे, पण मुख्यतः दक्षिणेकडचा आणि बराचसा पार्श्वभूमीला. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये जगबुडी नदी घराण्याच्या चार पिढ्यांची साक्षीदार आहे. गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ ओस पडत चाललेल्या गावाची आहे. उत्तर कोकणचा खारेपाट, त्याची मिठागरे, त्याचे बांध, त्याची आगरी बोली यांना मराठी कथनसाहित्यात असे ठळक घर मिळालेले नाही. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बिघडलेले हवामान म्हणजे भेगाळलेली काळी जमीन उभी राहते. पाणी साचून पांढरी पडलेली जमीन उभी राहत नाही. वाचक काय मत देतो हे त्याच्यापुढे कोणते पुस्तक आहे यावर ठरते, म्हणून ही उणीव मोठी आहे.

खरे तर कोकणच्या मूळकथेतच समुद्र आहे. परशुरामाने बाण मारून समुद्राला मागे हटवले आणि ही भूमी मिळवली, असे ती सांगते. त्या कथेत समुद्र शब्द पाळतो. खारेपाटातील माणसाने त्याच्याशी केलेला करार मात्र दर उधाणाला नव्याने पाळावा लागतो.

वाचकांची मते अंदाजाने न सांगता मोजण्याचे काम थोडे झाले आहे, पण ते उद्बोधक आहे. ‘द डे आफ्टर टुमॉरो’ हा चित्रपट २००४ मध्ये आला तेव्हा अँथनी लायझरोविट्झ यांनी अमेरिकेत पाहणी केली. चित्रपट पाहिलेल्यांत हवामानबदलाची काळजी अधिक आढळली. मॅथ्यू श्नायडर-मेयरसन यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १९ पुस्तकांच्या १६१ अमेरिकी वाचकांना प्रश्न विचारले होते. या पुस्तकांचे वाचक इतरांपेक्षा तरुण होते आणि बहुतेकांना आधीपासूनच हवामानाची चिंता होती. म्हणजे ज्याला पटवायचे तो वाचक मुळात पुस्तकापर्यंत कमीच पोहोचतो. वाचनाने संकट डोळ्यांपुढे उभे राहिले, असे अनेकांनी सांगितले. पण त्यासोबत आलेली भावना बहुधा भीतीची, खिन्नतेची, असहायतेची होती. पुढे याच अभ्यासकाने सहकाऱ्यांसह एक प्रयोग केला. पाओलो बाचिगालुपी आणि हेलन सिम्प्सन यांच्या कथा वाचायला दिल्यावर मतांत थोडा अनुकूल बदल दिसला, पण महिनाभरानंतर तो मोजण्याजोगा उरला नव्हता.

हे निष्कर्ष अमेरिकी वाचकांचे आहेत आणि ते जसेच्या तसे इकडे आणता येत नाहीत. त्या वाचकाला कथा दूरचे संकट जवळ आणून दाखवते. पेण-रोह्याच्या वाचकाची गरज जवळजवळ उलटी आहे. संकट त्याच्या अनुभवात आहेच. तो अनुभव सुटा सुटा, वर्तमानपत्राच्या बातमीएवढा राहिला आहे. त्याला जोडणारा धागा हवा आहे.

हा धागा कादंबरीला का जमत नाही, याचे सर्वांत चर्चिले गेलेले उत्तर अमिताव घोष यांनी ‘द ग्रेट डिरेंजमेंट’ (२०१६) मध्ये दिले. आधुनिक कादंबरी संभाव्य घटनांवर उभी आहे. जे क्वचित घडते ते तिला खोटे वाटते, म्हणून वादळ-पुरासारख्या घटना ‘गंभीर’ साहित्यातून हद्दपार होऊन विज्ञानकथेच्या अंगणात गेल्या, असे ते म्हणतात. याच पुस्तकात मुंबईवर मोठे चक्रीवादळ आले तर काय होईल याचा त्यांनी सविस्तर विचार केला आहे. त्यांच्यावर दोन प्रकारे टीका झाली. विज्ञानकथा हे खालच्या दर्जाचे अंगण आहे असे त्यांनी गृहीत धरले, हा एक आक्षेप. दुसरा आक्षेप भारतीय भाषांच्या बाजूने घेता येतो : इंग्रजी कादंबरीचे दुखणे सर्व भाषांचे नाही. अद्वैत मल्लबर्मन यांच्या ‘तिताश एकटि नदीर नाम’ या बंगाली कादंबरीत नदी आटते आणि तिच्यावर जगणाऱ्या मच्छीमारांचे सारे जगच विरते. ही १९५६ ची गोष्ट आहे.

संभाव्यतेची ही कसोटी रायगडला लावून पाहावी. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने सुधागड तालुक्यातील जांभूळपाडा आणि खाली नागोठणे यांची दैना केली. २६ जुलै २००५ च्या पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन येथे दरडी कोसळल्या. २८ मार्च २०१७ रोजी कुंडलिकेच्या वरच्या अंगाला असलेल्या भिरा येथे ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली आणि हवामानतज्ज्ञही चकित झाले. मार्चमध्ये, तेही कोकणात! ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. २०२१ मध्ये तळियेवर दरड कोसळली, २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर. एखाद्या कादंबरीकाराने एकाच जिल्ह्यात, एका माणसाच्या आयुष्यात एवढे सारे घातले असते, तर संपादकाने काही घटना गाळायला सांगितल्या असत्या. इथल्या वाचकाला यातले काहीही अशक्य वाटणार नाही.

या प्रत्येक घटनेला हवामानबदलाची घटना म्हणावे का, याविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथली तीव्र चक्रीवादळे वाढली आहेत, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी दाखवले आहे. पण दरडीमागे डोंगराचा उतार, तोडलेले झाड आणि फोडलेला रस्ताही असतो. पुरामागे नदीपात्रातील अतिक्रमण असते. कथा या सगळ्यावर ‘हवामान’ असे एकच लेबल लावू लागली, तर स्थानिक वाचक तिच्यावरचा विश्वास काढून घेतो, आणि त्याचे बरोबर असते.

खारेपाटाचा बांध हे या गुंत्याचे सर्वांत चांगले उदाहरण आहे. माती-दगडाचा बांध खाडीचे पाणी अडवतो. त्यात ठिकठिकाणी उघाड्या असतात. उघाडीची झडप ओहोटीला उघडून शेतातले पावसाचे पाणी बाहेर सोडते आणि भरतीला पाण्याच्याच दाबाने मिटते. उधाणात बांधाला खांड पडली की खारे पाणी आत येते. वेळीच खांड बुजवली, तरी पुढचे दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन जाण्यात जातात. बुजवली नाही, तर शेतात तिवरे, म्हणजे कांदळवनाची झाडे, उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या आदेशापासून कांदळवन तोडण्यावर बंदी आहे, आणि ही बंदी किनाऱ्याच्या रक्षणासाठी आवश्यकच आहे. पण ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे, त्याच्या शेतात आता संरक्षित झाड उभे असते. एका खांडीतून सुरू झालेली ही गोष्ट दहा-पंधरा वर्षांनी कायद्याच्या दारात संपते, किंवा संपतच नाही.

खांड का पडली, याचीही उत्तरे अनेक असतात. समुद्राची पातळी वाढली आहे. खाडीतून जाणाऱ्या बार्जेसच्या लाटा बांधावर आपटतात, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. जुन्या शिलोत्री पद्धतीत बांध राखण्याची जबाबदारी ठरलेली असे आणि गाव एकत्र येऊन चिखल टाकत असे. १९४८ चा खारभूमी कायदा आणि त्यानंतरचा १९७९ चा कायदा यांनी ते काम सरकारकडे गेले, आणि गावाचा हात हळूहळू सुटला. पेण तालुक्यात शेतीसाठी बांधलेल्या हेटवणे धरणाचे पाणी नवी मुंबईच्या नळांना गेले. २००८ च्या सप्टेंबरमध्ये याच धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमीन द्यायची की नाही यावर मतदान घेण्यात आले, तेव्हा शेती पिकते का, पाणी मिळते का, बांध टिकतो का हे सारे प्रश्न एकाच मतपत्रिकेत येऊन बसले होते. समुद्र, शासन, कारखाना, गाव आणि जागतिक तापमान ही पाचही पात्रे ज्या कथेत आहेत, तिच्याकडे कादंबरीकाराने अजून वळायचे आहे.

हवामानकथेवर वाचक घेतात त्या आक्षेपांत तीन आक्षेप पुन्हा पुन्हा येतात. ही पुस्तके उपदेश करतात, हा पहिला. तो पुष्कळदा खरा असतो. पात्रे आकडेवारी बोलू लागली की वाचक पाने उलटतो. दुसरा, ती निराश करतात. इथे श्नायडर-मेयरसन यांचा निष्कर्ष आणि सामान्य वाचकाचे म्हणणे जुळते. तिसरा आक्षेप आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे : ही पुस्तके दुसऱ्यांची असतात. न्यू यॉर्क बुडते आणि लंडन बुडते, पण त्यात पेणच्या खारेपाटातले वाशी-वढाव नसते, दादर-रावे नसते. बिजल वछराजानी यांच्या ‘अ क्लाउड कॉल्ड भुरा’ (२०१९) या मुलांच्या कादंबरीत मुंबईवर एक तपकिरी ढग येऊन थांबतो. मुले त्याच्याशी आपल्या परीने झगडतात, आणि हसतातही. मुलांसाठीच्या लेखनाने हे तिन्ही आक्षेप मोठ्यांच्या लेखनापेक्षा चांगले हाताळले आहेत, असे या पुस्तकावरून म्हणता येते.

आपल्या गावाच्या कथेत भीतीशिवाय इतर काय असू शकते, याचे उत्तर पेणच्या गणपती कारखान्यांत सापडते. पेण शहर, हमरापूर, जोहे इथे वर्षभर मूर्ती घडतात. पण शेवटचे रंगकाम आणि पाठवणी भर पावसाळ्यात येते, कारण सण भाद्रपदात आहे. शाडूची मूर्ती वाळायला कोरडी हवा लागते. अवेळी पाऊस आला, हवेतला ओलावा हटला नाही, की कामाचे वेळापत्रक कोलमडते. प्लास्टर लवकर वाळते आणि हलके असते, पण पाण्यात विरघळत नाही. शाडू विरघळतो, पण वाळवायला वेळ मागतो. हवामान, पर्यावरण, पोट आणि श्रद्धा यांची एवढी घट्ट गाठ दुसरीकडे क्वचितच सापडेल. नारळीकरांनी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ या कथेत गणपतीच्या सोंडेवरून विज्ञानाचे कोडे घातले होते. पेणच्या कारखान्यात तसेच एक कोडे ओल्या मातीचे आहे.

रोह्याची गोष्ट नदीची आहे आणि ती आणखी वेगळी. मुळशी धरणाचे पाणी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून कुंडलिकेत उतरते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती राहते. ज्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, त्याच धरणाच्या पाण्यावर आज कोलाडचे राफ्टिंग चालते आणि खाली धाटावची रासायनिक वसाहत उभी आहे. घाटावरच्या मावळातील बुडालेली शेती आणि घाटाखालची बारमाही नदी ही एकाच कथेची दोन टोके आहेत. मूळचे रोह्याचे चिंतामणराव देशमुख यांनी मेघदूताचा मराठी अनुवाद केला होता. त्या काव्यातला ढग ठरल्या दिवशी येतो, ठरल्या वाटेने जातो. त्या भरवशावर वाढलेल्या काव्यवाचकाला बेभरवशाच्या ढगाची कथा वाचायला वेगळी तयारी लागते.

ही पुस्तके वाचकापर्यंत पोहोचण्याचा मार्गही पाहिला पाहिजे. तालुक्याच्या गावी नवी इंग्रजी कादंबरी सहज मिळत नाही. वाचन चालते ते १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालील सार्वजनिक वाचनालयांतून, आणि दिवाळी अंकांतून. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा आजही नव्या कथेची सर्वांत मोठी बाजारपेठ आहे. अंक वाचनालयात आला की पुढच्या दिवाळीपर्यंत हातोहात फिरतो. नारळीकरांची पिढी वाचकांपर्यंत मासिकांतून आणि अंकांतूनच पोहोचली. वैचारिक लेखनात अतुल देऊळगावकर यांच्यासारख्या लेखकांनी हवामानाचा विषय मराठीत सातत्याने मांडला आहे. ‘ग्रेटाची हाक’ हे त्यांचे पुस्तक तरुण वाचकांच्या हाती गेले. माहिती आली आहे, तिची कथा व्हायची आहे.

भाषेचा मुद्दा इथेच येतो. ‘हवामानबदल’, ‘जागतिक तापमानवाढ’, ‘अनुकूलन’ हे शब्द परिपत्रकातून आले आहेत आणि कथेत ते पाहुण्यासारखे वागतात. खारेपाटाकडे स्वतःचे शब्द आहेत : उधाण, खांड, उघाडी, खाजण, खार, तिवर, मिठागर. मीठ सोसणाऱ्या लाल भाताला ‘राता’ म्हणतात, आणि त्याच गुणाच्या नव्या जाती पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने तयार केल्या. जिताडा मासा कोणत्या पाण्यात सापडतो, ते पाणी बदलले की तो कुठे जातो, हे सांगायला आगरी बोलीत पूर्ण वाक्ये आहेत. ही वाक्ये प्रमाणभाषेत आणताना लेखकाला कोणाला उद्देशून लिहायचे हे ठरवावे लागेल. पुण्या-मुंबईच्या वाचकासाठी लिहिले तर प्रत्येक शब्दाचा अर्थ सांगावा लागेल आणि कथा माहितीपत्रकाकडे झुकेल. वाशी-वढावच्या वाचकासाठी लिहिले तर ‘खांड गेली’ एवढे दोन शब्द पुरतील. पुढच्या वाक्यात कोण चिखल घेऊन धावले आणि कोण घरात बसून राहिले, हे थेट सांगता येईल.